जीपखालचं वर्तमानपत्र

आमचे भाऊजी वर्तमानपत्र दोनदा वाचत. एकदा चहाबरोबर, सगळे वाचतात तसं. आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी, जीपखालून ओढून काढल्यावर. संध्याकाळी गाडी अंगणात लागली की आजचा पेपर उलगडून तिच्या पोटाखाली पसरायचा, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. सकाळी तो अलगद बाहेर काढून पायरीवर बसायचं आणि त्यावरचे थेंब वाचायचे. पुढचा काळा थेंब इंजिनाचा. मधला जाड, मधासारखा आणि नाक धरायला लावणारा, तो गिअरबॉक्सचा. चाकाजवळचा पातळ, निसरडा थेंब ब्रेकचा. तो दिसला की भाऊजींचा चहा गार व्हायचा. "रात्रभर बोलत होती," ते म्हणायचे. "आपण घोरत होतो आणि ती बिचारी एकटी बोलत होती."

शेजारचे विचारत, "काका, एवढं तेल गळतं तर नीट का नाही करून घेत?"

"जुनी गाडी गळतेय तोवर काळजी नाही," भाऊजी सांगत. "गळायची थांबली की घाबरायचं. म्हणजे आत काही उरलं नाही."

लोक हसत. मी सगळ्यांत मोठ्यानं हसत असे, कारण मेहुणी म्हणून तो माझा हक्क होता आणि तो मी आयुष्यभर वसूल केला.

भाऊजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे नुसते पाय पाहिले. आमचे वडील मनमाडला रेल्वेत होते. क्वार्टरच्या दोन खोल्यांत अक्काला बघायला मुलगा येणार म्हणून गडबड चाललेली. मी धाकटी, दोन वेण्या घातलेली, गणितात नापास झालेली, आणि जगात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही अशी ठाम समजूत करून घेतलेली. दारात सरकारी जीप थांबली. बघते तर जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. मी आत जाऊन आईला वर्दी दिली, "ड्रायव्हर आलाय पुढे. मुलगा मागून येत असेल." आणि मोठ्या उदार मनानं पितळी पेला भरून त्या पायांपाशी नेऊन ठेवला. खालून एक काळा हात आला, पेला आत गेला, रिकामा होऊन बाहेर आला. "उपकार झाले," जीप बोलली.

थोड्या वेळानं तेच पाय चपला काढून आमच्या सतरंजीवर बसले आणि त्याच हातानं पोहे खाल्ले. मी अक्काला मोरीत गाठून सांगितलं, "नकार दे. नखांत काळं आहे." त्या वयात नवरा कसा असावा हे मला पक्कं ठाऊक होतं: पांढरा बुशशर्ट, काळा चष्मा, आणि बोलताना समुद्राकडे बघणारा. मनमाडात समुद्र कुठून आणणार होते कोण जाणे. आमच्याकडे तेव्हा प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं यायचं.

अक्का म्हणाली, "शालू, पाणी पिऊन झाल्यावर पेला उपडा ठेवला त्यांनी. पाहिलंस?"

मी कशाला पाहते. पण अक्का तशीच होती. लहानसं काही पाहायची आणि त्यावर सगळं आयुष्य टाकून मोकळी व्हायची.

भाऊजी धरणखात्यात ओव्हरसियर होते. लग्नानंतर लगेच त्यांना पेठच्या पलीकडे, एका नदीपल्याडच्या छावणीवर पाठवलं. तिथं धरण होणार होतं, त्यासाठी जमीन मोजायची होती. पत्र्याच्या चार खोल्या, एक आंबा, आणि मधे नदी. पूल नाही. ये-जा त्याच सरकारी जीपनं, पाण्यातून. नदीचं नाव भाऊजींनी पुढं कधी घेतलं नाही, म्हणून मीही इथं घेत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडं गेले होते. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर मैत्रिणीकडून मागून आणलेला गॉगल, आणि पुढच्या सीटवर अशी बसलेली की जणू दोन्ही काठांवर लोक बघायला जमलेत. जमल्या होत्या शेळ्या. नदी आली तसे भाऊजी खाली उतरले. काठी घेऊन पाण्यातून पलीकडे चालत गेले, परत आले. मग बॉनेट उघडून पान्यानं काहीतरी ढिलं केलं आणि गाडीच्या तोंडावर ताडपत्री बांधली.

"एवढ्याशा पाण्याला एवढे सोहळे?" मी गॉगलमधून विचारलं.

"मेहुणीबाई, हा पंख्याचा पट्टा. ढिला केला की पंखा फिरायचा थांबतो. नाही केला तर पंखा नदीचं पाणी उचलतो आणि इंजिनात जिथं ठिणगी पडते तिथं फेकतो. ठिणगी विझली की आपण नदीच्या मधोमध बसून भेंड्या खेळायच्या." मग गाडी इतक्या हळू पाण्यात घातली की चाकांचा आवाजही नाही. "पाण्याला कळता कामा नये आपण आलोय ते."

दुसऱ्या वर्षी नंदू झाला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तो रांगायला लागला होता. एके दिवशी सकाळी तापानं फणफणला, आकडी आली. दवाखाना पेठला, नदीच्या अलीकडे. भाऊजींनी अक्काला आणि नंदूला जीपमध्ये घातलं आणि गाडी सरळ पाण्यात घेतली. उतरले नाहीत. काठी नाही, पट्टा नाही, ताडपत्री नाही. कोण उतरलं असतं? मधोमध गाडी थांबली.

बनियन काढून त्यांनी इंजिन पुसलं. हँडल मारलं. पुन्हा पुसलं. पाणी कमरेला लागत होतं, नंदूला हातात घेऊन चालत जाण्यासारखी धार नव्हती. अक्का त्याला छातीशी धरून सीटवर पाय वर घेऊन बसली होती. गाडी चालू झाली तेव्हा पुढं जायचं कारण उरलं नव्हतं. नदीतच वळवली आणि परत छावणीवर नेली. आंब्याखाली त्याला ठेवलं.

हे मला अक्कानं सांगितलं, एकदाच, भांडी घासता घासता. भाऊजींनी कधीच नाही.

ज्या धरणासाठी ते तिकडं गेले होते ते धरण कागदावरच राहिलं. छावणी उठली, पत्रे लोकांनी नेले, पूलही कधी झाला नाही. भाऊजींची बदली इगतपुरीला, मग आणखी कुठं कुठं. भाची झाली, शिकली, परदेशी गेली. निवृत्तीनंतर दोघं नाशकात इंदिरानगरला लहानशा घरात राहायला आली, आणि मी तोवर माझ्या बुशशर्टवाल्याला पोचवून त्यांच्याच मागच्या गल्लीत आलेली. माझ्या नवऱ्यानं जन्मभर समुद्र पाहिला नाही, पण माणूस चांगला होता.

अक्काचे गुडघे तोवर गेले होते. एका सर्वपित्री अमावास्येला पानं वाढून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, एकदा मला तिकडं घेऊन चला. आंब्याखाली दिवा लावते आणि येते. पुन्हा नाही म्हणायची."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात हा विषय निघाला होता. भाऊजींनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी डबा घेऊन कुठंतरी जायला लागले. मी अक्काला चिडवलं, "बघ हं, या वयात नोकरी धरली की बाई धरली?" महिन्याभरानं दारात ट्रक उभा राहिला. त्यावरून एक जीप उतरवली, आणि तिच्यामागून वीतभर भोपळ्याचा वेलही उतरला. सरकारी गोदामाच्या मागं भंगारात पडली होती, लिलावात घेतली. दारावर पत्र्याचं ठिगळ होतं, चार रिबिटांनी मारलेलं. ते भाऊजींनीच मारलेलं होतं, नंदू व्हायच्या आधी.

तीच जीप.

अक्का बाहेर आली, उंबऱ्यात चौकट धरून उभी राहिली, पाहिलं, आणि आत गेली. मी भाऊजींना तावातावानं म्हटलं, "आता पेठपर्यंत डांबरी रस्ता आहे. पुढं नदीपार न्यायला भाड्यानं ट्रॅक्टर मिळतो. हे धूड कशाला?"

"कशानंही जायचं नाही," भाऊजी म्हणाले. "जी थांबली, तिनंच पोचवायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीपखाली पसरायला पेपर अक्कानंच आणून दिला. मला वाटलं, महिना-दोन महिन्यांत जाऊन येतील. मी माझी साडीसुद्धा काढून ठेवली. ती साडी पुढं माझ्या नातीनं शाळेच्या नाटकात जिजाबाईसाठी नेसली आणि परत आणली, तरी आम्ही निघालो नव्हतो.

काम रफीकभाईंच्या हातचं. नाशकातच, द्वारका चौकाजवळ त्यांचं गॅरेज. भाऊजी आणि ते दोघं जीपखाली शेजारी शेजारी पडून तासन्‌तास भांडत. पहिल्यांदा पंख्याचा बंदोबस्त झाला. पट्ट्यावरचा पंखा काढून विजेवर चालणारा बसवला आणि त्याचं बटण स्टिअरिंगपाशी आणलं, म्हणजे उतरायला नको, बोट लावलं की बंद. हे पहिल्याच वर्षी झालं. मी म्हटलं, "संपलं की मग."

"हवा घ्यायची नळी खाली आहे. पाणी तिथून शिरेल."

नळी वर नेली, टपापर्यंत, हत्तीनं सोंड उचलावी तशी. मग चाकं लहान वाटायला लागली. नदीत गोटे मोठे असतात. मोठी चाकं आणली तर ती वळताना पत्र्याला घासायला लागली. मग स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उंच केली. उंच केली तर चाकांना जोर पोचवणारा खालचा दांडा तिरपा झाला आणि वेगात थरथरायला लागला. त्याला अंबडच्या कारखान्यात लेथवर नवं तोंड करून आणलं. मग स्टिअरिंग जड झालं.

"गाडीत एकटं काही नसतं," भाऊजी सांगत. "एक बदललं की शेजारचं रुसतं."

"साहेब, तुम्ही हिची सासू झाले," रफीकभाई जीपखालून म्हणत. "सुनेनं काय बी केलं तरी तुम्हाला खोटच दिसती. अहो, आमच्या अब्बानं असल्या गाडीत वऱ्हाड नेलं, पंधरा माणसं आन् बोकड. कुठं काय नळी नव्हती."

"वऱ्हाड रस्त्यानं गेलं, रफीक."

"मग तुम्ही बी जावा ना रस्त्यानं."

"रस्ता नाही तिकडं."

हे बोलणं मी इतक्या वेळा ऐकलं की मधल्या जागा मीच भरत असे.

एकच गोष्ट त्यांनी पहिल्या फटक्यात पूर्ण केली: अक्काची सीट. तिचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून पुढची सीट दाराकडे फिरेल अशी केली. दाराखाली घडीची पायरी, तिची उंची अक्काला अंगणात उभं करून, विटा रचून ठरवलेली. वर धरायला लोखंडी कडं, त्याला सुती दोरी गुंडाळलेली, थंडीत हाताला गार लागू नये म्हणून. अक्का त्यावर बसली, फिरली, आणि म्हणाली, "राणीला पालखीत बसवल्यासारखं वाटतंय. आता पालखी हलवा."

त्या सुमाराला मीही गाडी शिकायचं काढलं. पन्नाशी उलटलेली, आणि पुन्हा तोच गॉगल, म्हणजे तसलाच. भाऊजी शेजारी बसले. मखमलाबादच्या बाजूला शेतातल्या वाटेवर मी चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला, कशासाठी ते मलाच ठाऊक नव्हतं, ओढण्यासारखा दिसला म्हणून ओढला. जीप बांध चढून कोबीत गेली. खुरपणाऱ्या बाईनं कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, कोबी पायजे व्हता त मागायचा ना. चष्मा लावून एवढी मोठी गाडी घालायची काय गरज हाय." भाऊजी हसून हसून सीटवर आडवे झाले. परत येताना चार गड्डे विकत घेतले, आठवडाभर दोन्ही घरांत कोबी. त्यांना तसं हसताना मी त्या आधी आणि नंतर फारसं पाहिलं नाही.

हळूहळू त्यांचं नाव झालं. रविवारी सकाळी दारात मोठ्या मोठ्या गाड्या लागायच्या. नोकरीधंद्यातली तिशीतली माणसं, डोंगरात, ओढ्यांत गाड्या घालायची हौस असलेली. जुन्या जीपा घेऊन यायची, "काका, ही पाण्यात बंद पडते" म्हणायची. भाऊजी बाह्या सरसावत. पाण्यात शिरायच्या आधी चालत जायचं, थांबायचं, पट्टा बघायचा, हे त्यांना दरडावून शिकवत. एकानं एकदा हसत म्हटलं, "काका, तेवढा कुणाला वेळ असतो?" भाऊजींनी हातातला पाना खाली ठेवला आणि घरात निघून गेले. तो बिचारा चहा पिऊन गेला तरी बाहेर आले नाहीत.

हरसूल म्हणू नका, सुरगाणा म्हणू नका, कुठल्या कुठल्या नद्या त्या गाड्या ओलांडून येत आणि फोटो दाखवत. नाशकातल्या सगळ्या जीपा भाऊजींनी पार केल्या. आपली अंगणात.

दसऱ्याला मात्र ती बाहेर निघे. सकाळी धुऊन पुसून झेंडूची माळ, बॉनेटवर आपट्याची पानं. अक्का नवं लुगडं नेसून पिशवी घेई. पिशवीत पणती, वाती, तेलाची बाटली, नारळ. सीमोल्लंघन म्हणजे गावाची शीव ओलांडायची. आमची शीव म्हणजे पेठ रोडचा नाका. तिथं गेलं की भाऊजी गाडी कडेला घेत, इंजिन चालू ठेवून बॉनेटला कान लावत. मागून येणारे हॉर्न वाजवत. आम्ही दोघी श्वास धरून बसत असू. मग ते परत येऊन बसत आणि म्हणत, "आज नाही."

घरी आल्यावर सोनं म्हणून पानं वाटायची, श्रीखंड खायचं. अक्का पिशवी खुंटीला लावून ठेवी. वाती तशाच. पुढच्या वर्षी फक्त तेल बदलायचं.

एकदा मी तिला म्हटलं, "अक्का, मी नेते तुला. भाड्याची गाडी करू, ट्रॅक्टर करू. ह्यांना कळायच्या आत जाऊन येऊ."

ती म्हणाली, "मला नेणारे खूप आहेत गं. मला त्यांनाच न्यायचंय. दिवा काय मी देवघरात लावते रोज."

मला वाटत होतं हा अक्काचा हट्ट आहे आणि भाऊजी तो पुरवतायत. म्हणजे इतकी वर्षं मी पेला उपडा ठेवलेला पाहतच नव्हते.

आणि मग एका दसऱ्याला नाक्यावर भाऊजींनी कान लावला, परत येऊन बसले, आणि काहीच न बोलता गिअर टाकला. नाका मागे पडला. अक्कानं माझ्याकडे वळून पाहिलं. मी मागच्या बाकावर श्रीखंडाचा डबा मांडीवर धरून बसलेली. तिघंही बोलायला तयार नव्हतो, जणू बोललो तर गाडीला कळेल आपण कुठं चाललोय ते.

सावळ घाट उतरला. पेठ गेलं. डांबर संपलं, मग माती, मग नुसती वाट. गाडी अशी चालली होती की काय सांगू. दगडावर चढायची, उतरायची, पोटातलं पाणी हलू देत नव्हती. आणि नदी आली. पावसाळा सरलेला, पाणी गुडघ्याच्या वर नसेल. पलीकडच्या चढावर आंबा होता. तोच. बाकी छावणीचं काही नाही, नुसता आंबा.

भाऊजी उतरले. ऐंशीकडे झुकलेला माणूस काठी घेऊन पाण्यातून पलीकडे गेला, पाण्याबाहेर मात्र पाऊल टाकलं नाही, तिथूनच फिरला. परत आला. ताडपत्री बांधली. गाडीत बसून बटण दाबलं; पंखा थांबला. मी ऐकलं तो थांबताना. जे जे करायचं होतं ते सगळं केलं. मग गाडी पुढं सरकली आणि पुढची दोन चाकं पाण्यात गेली.

तिथं थांबली. म्हणजे त्यांनी थांबवली. इंजिन सुरू होतं, छान सुरू होतं. पाणी चाकांना येऊन लागत होतं. बराच वेळ गेला. मग त्यांनी गाडी मागं घेतली, काठावर उभी केली, चावी फिरवली. पेपर काढला. खाली पसरला. इतक्या दगडांत नेमके चार दगड शोधून कोपऱ्यांवर ठेवले.

"आज नाही," ते म्हणाले. "इंजिनात टिकटिक येतेय. ऐकू येतेय ना?"

"अहो," अक्का म्हणाली, "इंजिन बंद आहे."

ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. तापलेलं लोखंड गार होताना वाजतं तसं वाजत होतं, तेवढंच.

मी डबा खाली ठेवला. "पाणी गुडघाभर तर आहे. द्या ती पिशवी, मी जाते चालत. तुमच्या दोघांच्या नावानं लावून येते."

"तू नको, शालू," अक्का म्हणाली. तिनं सीट फिरवली, पायरी उघडली, पण उतरली नाही. कडं धरून तिथूनच आंब्याकडे बघत बसली. "दिसतोय इथनं. केवढा झालाय." मग पणती काढून पायरीवर ठेवली, तेल घातलं, वात लावली. नदीवरचा वारा, तीनदा विझली. चौथ्यांदा तिनं पेटवली नाही. "चला," म्हणाली, "तुम्हाला उन्हाचा त्रास होतो."

परतताना घाट चढून झाल्यावर भाऊजी म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की. कार्बोरेटर एकदा उघडून बघतो." अक्कानं त्यांच्या हातावर हात ठेवला, गिअरच्या दांड्यावर असलेल्या. "बघा," म्हणाली.

पुढच्या दसऱ्याच्या आधी, गौरी उठल्या त्या दिवशी, अक्का गेली. अस्थी रामकुंडात सोडल्या. सगळे सोडतात तशा, घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

तेराव्यानंतर रफीकभाई आले. अंगणात जीप उघडी, कार्बोरेटरचे भाग फडक्यावर ओळीनं मांडलेले. ते खाली बसले आणि पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाले, "साहेब, आता राहू द्या. आता कुणासाठी?"

"तयार नको का असायला?" भाऊजी म्हणाले.

पण कार्बोरेटर जुळवणं त्यांच्यानं झालं नाही. ते भाग रफीकभाईंनीच जोडून दिले. गाडी पुन्हा सुरू कोणी केली नाही. पेपर मात्र रोज पसरला जाई. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते पायरीवर बसले होते, मांडीवर पेपर. मान वर न करता म्हणाले, "मेहुणीबाई, पंख्याचा पट्टा ढिला करायला किती वेळ लागतो ठाऊक आहे?"

मी चहा त्यांच्या शेजारी ठेवला.

"पान जुळवायला लागतो तेवढा," ते म्हणाले. "चुना, कात, सुपारी. तेवढाच."

"आणि तेवढा वेळ काढला असतात तरी नंदू कदाचित—"

"कदाचित," ते म्हणाले. "हो. कदाचित." आणि पेपरची घडी घातली. त्यांचं समाधान करायला काढलेला तो शब्द मी पुन्हा कधी त्यांच्यासमोर काढला नाही.

त्यांची शेवटची दोन वर्षं अंथरुणावर गेली. भाची येऊन जाई, बाई ठेवली होती, बाकी मी. वाकणं बंद झाल्यावर पेपर पसरायचं काम माझ्याकडे आलं. माझे गुडघेही तोवर अक्काच्या वळणावर गेलेले, पण काठीनं ढकलायची आणि काठीनंच ओढायची. सकाळी पेपर नेऊन त्यांच्या पांघरुणावर धरायचा. "काय म्हणतेय?" ते विचारत. आणि स्वतःच वाचत. थेंब महिन्यागणिक कमी होत चालले होते. काळा गेला. मग मधला एकच राहिला. मग एके दिवशी मी पेपर ओढला तर कोरा.

मी दारातून परत फिरले. घरी जाऊन शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली आणि पेपरवर जिथं पडायला हवेत तिथं तीन थेंब सोडले. एकाला चुलीवरच्या, म्हणजे गॅसवरच्या, तव्याची काजळी लावली. झकास दिसत होते. शाळेत चित्रकलेत मला कधी एवढे मार्क मिळाले नसते.

भाऊजींनी पेपर हातात घेतला. बोट टेकवलं, बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली.

"हे शिलाई मशीनचं तेल आहे, मेहुणीबाई."

"असेल," मी म्हटलं. "गाडीनं शिवणकाम सुरू केलं असेल."

त्यांच्या तोंडावर हसू आलं, कोबीच्या वेळचं नव्हे, पण आलं. मग त्यांनी पेपर पांघरुणावर पालथा ठेवला, रिकामा पेला ठेवावा तसा. "उद्यापासून नका पसरू," म्हणाले. "तुमचे गुडघे दुखतात."

मी तरी पसरत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. या पावसाळ्यात गेले.

भाचीनं जीप विकायला सांगितलं. रविवारच्या मंडळींपैकी एक तरुण आला, भाऊजींना मानणारा, डोळे ओले असलेला. मी अक्काच्या सीटवर बसून होते. ती पायरी आता माझ्या पायांना नेमकी लागते. तो लगेच पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. बाहेर नुसते पाय.

"आजी," खालून आवाज आला, "काकांनी काय ठेवलीय गाडी. पेपर बघा तुम्ही. एक थेंब नाही."

मी वरचं कडं धरलं. दोरी अजून घट्ट होती.

"नाही ना," मी म्हटलं.